मुलींनो, एनसीसीत येताय? जूनच्या टेबलावर दर वर्षी विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी अकरावीचे आणि पहिल्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले की ऑफिसच्या खिडकीशेजारी आमचं टेबल लागतं. टेबलावर पत्रकांचा गठ्ठा, नावं लिहायची वही आणि मागे खाकीतल्या दोन सिनिअर मुली. पत्रक एका पानाचं असतं. वर परेडचा फोटो, खाली शिस्त, नेतृत्व, राष्ट्रसेवा असे मोठे शब्द. मुली पत्रक घेतात, घडी घालून पिशवीत टाकतात आणि मग हळूच मनातलं विचारतात: मॅडम, केस कापावे लागतील का? आईवडील पत्रक पुढूनमागून बघतात आणि विचारतात: पुढे हिला मिलिटरीत तर नेणार नाहीत ना?

मी तीन वर्षं कॅडेट होते. गेली बारा वर्षं कॉलेजात शिकवते आणि मुलींची एनसीसी बघते. पत्रकावर न मावलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मुलींशी बोलताना मी 'तू' म्हणते, पालकांशी 'तुम्ही'. टेबलावर बोलते तसंच.

एनसीसीत नाव घातलं म्हणजे सैन्यात जावंच लागतं का?

नाही. हे मी म्हणते म्हणून नव्हे, कायदाच तसं सांगतो. राष्ट्रीय छात्रसेनेचा, म्हणजे एनसीसीचा, कायदा 1948 चा. निव्वळ कॅडेट आहे एवढ्यावरून कोणालाही प्रत्यक्ष लष्करी सेवेला जुंपता येणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. याच कायद्याच्या सहाव्या कलमात मुलींच्या विभागाची सोय केली आहे, आणि तिथली भाषा मला फार आवडते: शाळा-कॉलेजातली मुलगी नावनोंदणीसाठी 'स्वतःला पुढे करू शकते'. तिला कोणी पाठवत नाही, नेमत नाही. ती आपणहून येते.

मग सरकारने हे काढलं तरी कशासाठी?

याचं उत्तर जरा लांबचं आहे, पण ते माहीत असलेलं बरं. कॉलेजच्या मुलांना लष्करी शिक्षण देणारी दलं इंग्रजांच्या काळात पहिल्या महायुद्धापासूनच होती. दुसऱ्या महायुद्धात ती अपुरी ठरली, म्हणून 1946 मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल 1947 मध्ये आला आणि 16 एप्रिल 1948 रोजी कायदा झाला. त्याच वर्षी जुलैत एनसीसी उभी राहिली. पहिले संचालक होते कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर, जे पुढे लष्करप्रमुख झाले. मुलींचा विभाग एका वर्षाने, जुलै 1949 मध्ये सुरू झाला.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. महायुद्ध संपून चार वर्षं झालेली. फाळणीच्या जखमा ओल्या. काश्मीरमधली लढाई 1949 च्या पहिल्याच दिवशी थांबलेली. युद्धाच्या काळात बायकांनी काय केलं नव्हतं? 1942 मध्ये विमेन्स ऑक्झिलिअरी कोअर उभं राहिलं होतं. त्यातल्या बायका टेलिफोन एक्स्चेंज सांभाळत, सांकेतिक संदेश उलगडत, कचेऱ्या चालवत. नौदलासाठी त्याची वेगळी शाखा होती. तिकडे सिंगापूरला आझाद हिंद सेनेत कॅप्टन लक्ष्मी यांच्या हाताखाली झाशीची राणी रेजिमेंट 1943 मध्ये तयार झाली होती. युद्ध संपलं आणि ही दारं मिटली. 1950 च्या लष्कर कायद्याच्या बाराव्या कलमाने तर लिहूनच ठेवलं, की सरकार अधिसूचना काढेल ते विभाग सोडले तर स्त्री सैन्यात भरतीला पात्र नाही. नर्सिंग आणि वैद्यकीय सेवा एवढंच काय ते उघडं राहिलं.

म्हणजे गंमत बघ. एका हाताने मुलीला खाकी दिली, परेड शिकवली, रायफल हातात दिली आणि दुसऱ्या हाताने सैन्याचं दार लावून घेतलं. त्यामुळे त्या काळात मुलींना बोलावताना नोकरीचं आमिष दाखवताच येत नव्हतं. आरोग्य, चारित्र्य, सेवा, उत्तम नागरिक हीच भाषा वापरावी लागायची. आजच्या आमच्या पत्रकावरचे मोठे शब्द तिथूनच आले आहेत. तरी मुली आल्या, आणि एकदा आल्यावर टिकल्या. त्या का टिकल्या, हे पत्रकापेक्षा मैदानावर जास्त कळतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

1962 नंतर एनसीसी सक्तीची झाली होती, असं आजी सांगते. खरं का?

खरं आहे, पण सक्ती मुलांना होती. चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये कॉलेजातल्या मुलांसाठी एनसीसी सक्तीची झाली आणि 1968 मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून नोव्हेंबर 1962 मध्ये संरक्षणमंत्री झाले होते. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे तेव्हाचंच. त्या दिवसांत आपल्याकडच्या गावोगावच्या कॉलेजांची मैदानं सकाळी खाकीने भरून जात.

माझी आई त्याच सुमारास कॉलेजात होती. तिच्यावर सक्ती नव्हती. ती स्वतःहून गेली. वर्गातली सगळी मुलं रविवारी परेडला जातात आणि आपण घरी भाकऱ्या थापतो, हे तिला सहन होईना. आजोबांनी कबूल व्हावं म्हणून तिने त्यांना सांगितलं, की तिथे प्रथमोपचार शिकवतात. ते खोटं नव्हतं. पण तिला जायचं होतं ते बंदूक चालवायला. भरतीच्या कागदावर प्रथमोपचार मोठ्या अक्षरात का छापतात, ते मला त्या गोष्टीवरून कळलं. तो मजकूर वडिलांसाठी असतो.

युद्धानंतर मुलींची अशी दलं आपल्याकडेच निघाली का?

नाही. इंग्लंडमध्ये तर युद्ध चालू असतानाच निघाली. डिसेंबर 1941 मध्ये तिथे वीस ते तीस वर्षांच्या अविवाहित स्त्रियांना राष्ट्रीय सेवेला बोलावण्याचा कायदा झाला, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनी नाव नोंदवायचं ठरलं. त्यांच्यासाठी गर्ल्स ट्रेनिंग कोअर होतं. विमानांची आवड असणाऱ्यांना विमेन्स ज्युनिअर एअर कोअर, समुद्राची ओढ असणाऱ्यांना गर्ल्स नॉटिकल ट्रेनिंग कोअर. तीन दलं एका राष्ट्रीय संघटनेखाली होती. कवायत, मोर्स कोड, नकाशा वाचणं, प्रथमोपचार, सगळं होतं.

1945 मध्ये युद्ध संपलं आणि या दलांसमोर अवघड प्रश्न आला. तयारी करायची, ती आता कशाची? 'देशाला तुझी गरज आहे' हे वाक्य शांततेच्या काळात चालत नाही. मग मुलीला द्यायचं काय, याचा विचार करावा लागला. छंद, सहली, नागरिकत्व, मैत्रिणी, उडण्याचा अनुभव. 1964 मध्ये त्यांतली दोन दलं एकत्र होऊन गर्ल्स व्हेंचर कोअर झालं. नावातला 'प्रशिक्षण' शब्द गेला आणि 'साहस' आला. नाव बदलण्यामागे केवढा विचार असतो! मला तर वाटतं, आपल्या पत्रकांनीही हे शिकावं. मुलीकडून देशाला काय हवं हे आम्ही चार ओळींत लिहितो. मुलीला काय मिळणार, हे लिहायला आमच्याकडे जागा उरत नाही.

बरं, मग मला काय मिळणार? परेडला नक्की करतात काय?

सुरुवातीचे दोन महिने सावधान, विश्राम, दाहिने मुड, पीछे मुड, कदम ताल, तेज चल, थम. आज्ञा हिंदीत असतात. हात खांद्याच्या रेषेत जातो का, टाच किती जोरात पडते, नजर समोर आहे का, यावर पीआय स्टाफ जीव खातात. पीआय म्हणजे सैन्यातून आलेले हवालदार. ओरडतात, पण मनाचे चांगले असतात. मग डब्ल्यूटी, म्हणजे हत्यारांचं शिक्षण: रायफलचे भाग ओळखणं, खोलना-जोडना. मॅप रीडिंगमध्ये कंपास घेऊन बेअरिंग, म्हणजे दिशेचा कोन, काढणं. प्रथमोपचार, आपत्तीत करायची मदत. अधूनमधून रक्तदान, झाडं, स्वच्छता, गणपतीत बंदोबस्ताला पोलिसांच्या मदतीला.

फायरिंग सहसा कॅम्पमध्ये होतं. पॉइंट टू टू रायफल असते. पोटावर झोपायचं, पाय फाकवायचे, कोपर मातीत रोवायचं, गाल बटाला, म्हणजे रायफलच्या मागच्या दस्त्याला, टेकवायचा. लाकूड थंडगार लागतं. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं आणि ट्रिगर ओढायचा नाही, दाबत जायचं. पाच गोळ्या. मग टार्गेटचा कागद हातात येतो आणि पाच भोकं किती जवळ आहेत ते मोजतात. त्याला ग्रुपिंग म्हणतात. मधोमध लागलं की नाही हे पहिल्यांदा बघतच नाहीत. पाचही एका जागी आली का, ते बघतात. ज्यांच्या घरात कोणी कधी मुलीला स्कूटरची किल्लीसुद्धा दिली नाही, अशा पोरी तो कागद घडी न पाडता वहीत जपून घरी नेतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठल्याच पत्रकावर छापलेलं मी पाहिलं नाही, ते म्हणजे आवाज. दुसऱ्या वर्षी तुला स्क्वाडसमोर उभं करतात आणि कमांड द्यायला सांगतात. पहिल्यांदा नव्वद टक्के मुलींचा आवाज घशातच अडकतो. 'परेड' एवढं ऐकू येतं, 'सावधान' विरून जातं. वर्षानुवर्षं 'हळू बोल', 'हसू नको मोठ्याने' ऐकलेलं असतं ना. स्टाफ सांगतात, घशातून नको, पोटातून काढ. मैदानाच्या दोन टोकांना दोन मुली उभ्या करायच्या आणि एकीने दुसरीला कमांड द्यायची, वारा उलटा असला तरी. पंधरा दिवस घसा बसतो, मीठ-पाण्याच्या गुळण्या चालतात. आणि मग एका सकाळी आवाज फुटतो. साठ टाचा एकदम पडतात. त्या मुलीचा चेहरा मी दर वर्षी बघते, आणि त्यासाठीच दर जूनला टेबल लावते.

केस कापावे लागतात का?

नाही. अंबाडा घालायचा, काळी जाळी लावायची, चार पिना. बेरे, म्हणजे गणवेशाची टोपी, डोक्यावर नीट बसली पाहिजे, एवढंच. लांब केस असतील तर वेळ लागतो. परेडच्या दिवशी पंधरा मिनिटं लवकर ऊठ.

निवड कशी करता? मी बुटकी आहे आणि पळताना धाप लागते.

जागा ठरलेल्या असतात आणि अर्ज जास्त येतात, म्हणून निवड करावी लागते. धावणं बघतो, वैद्यकीय दाखला बघतो, थोडं बोलतो. उंचीवरून सामान्य कॅडेटला मी कधी परत पाठवलेलं नाही. दिल्लीच्या संचलनाच्या तुकडीत मात्र उंची बघतात, ते खरं. धाप आजपासून कमी करता येते. रोज सकाळी दोन किलोमीटर, पहिला आठवडा चालत. बोलताना मी एकच प्रश्न विचारते: तुला का यायचं आहे? पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. 'फोटो बघून वाटलं' असं खरं सांगितलेलं चालतं.

कॅम्पला मुली सुरक्षित असतात का? दहा दिवस म्हणजे फार होतात.

हा प्रश्न रास्त आहे आणि विचारताना संकोचू नका. वार्षिक कॅम्प साधारण दहा दिवसांचा. मुलींची राहण्याची जागा वेगळी, तिथे पहारा, रात्रीची हजेरी, आणि मुलींसोबत बाई एएनओ (म्हणजे एनसीसी बघणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षिका) किंवा केअरटेकर आणि जीसीआय मॅडम, म्हणजे मुलींच्या इन्स्ट्रक्टर. तुमच्या लेखी संमतीशिवाय मुलगी कॅम्पला जात नाही. पहाटे पाचला दिवस सुरू होतो, पीटी, नाश्ता, ड्रिल, डब्ल्यूटी, व्याख्यान, जेवण, खेळ, संध्याकाळी गाणी-नाच यांची तालीम, रोल कॉल. रात्री दहाला मुली अंथरुणावर पडतात आणि मिनिटभरात झोपतात.

सगळं छान असतं असं मात्र मी म्हणणार नाही. मी कॅडेट असताना एका कॅम्पला दीडशे मुलींना चार संडास होते आणि त्यातल्या एकाला कडी नव्हती. आम्ही आळीपाळीने दाराशी उभ्या राहायचो. कोणी तक्रार केली नाही, कारण तक्रार करणारी 'नाजूक' ठरेल अशी भीती होती. ते चूक झालं. तेव्हापासून माझा नियम: कॅम्पला पोहोचल्यावर सामान उतरवायच्या आधी मी संडास, पाणी आणि दिवे बघून येते आणि कमी असेल ते त्याच दिवशी लेखी देते. तुमच्या मुलीच्या एएनओ मॅडमना हे विचारा. विचारलंच पाहिजे. आणि मुलीला सांगा: कोणाचं वागणं खटकलं तर पद, वय काही बघायचं नाही. त्याच दिवशी मॅडमना सांगायचं आणि घरी फोन करायचा.

कॅम्पमध्ये पाळी आली तर?

जीसीआय मॅडमना सांग. पोट फार दुखत असेल तर पीटी सुटते, एमआय रूममध्ये, म्हणजे कॅम्पच्या दवाखान्यात, गोळी मिळते. पॅड घरून ने, दोन जास्तीची ने, कारण शेजारच्या कॉटवरची विसरलेली असते. यात लाजण्यासारखं काही नाही. मॅडमसुद्धा कधीतरी कॅडेट होत्या.

ए, बी, सी सर्टिफिकेट म्हणजे काय?

शाळेत ज्युनिअर विंग असते. तिथे दोन वर्षं पूर्ण केल्यावर ए. कॉलेजात सिनिअर विंग: दुसऱ्या वर्षाअखेर बी, तिसऱ्या वर्षी सी. परीक्षेला बसायला पंचाहत्तर टक्के हजेरी आणि कॅम्प लागतो. लेखी असते, ड्रिल, हत्यार, नकाशा यांचं प्रात्यक्षिकही असतं. ए नसलं तरी कॉलेजात येता येतं. पुष्कळ मुली तशाच येतात.

तू तीन वर्षं देणार नसशील तर आत्ताच सांग. अर्ध्यात सोडलेली जागा दुसऱ्या कोणाची तरी असते.

मला खरंच अधिकारी व्हायचं आहे. एनसीसीचा उपयोग होतो का?

होतो. सैन्यात वैद्यकीय आणि नर्सिंगखेरीज इतर शाखांत स्त्री अधिकारी घ्यायला 1992 मध्ये सुरुवात झाली. म्हणजे मुलींची एनसीसी निघाल्यावर त्रेचाळीस वर्षांनी! सी सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड, पदवीला किमान पन्नास टक्के आणि वय बसत असेल तर एनसीसी स्पेशल एंट्रीने लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीच्या, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीला बोलावणं येऊ शकतं. पाच दिवसांची कसोटी असते. निवड झाली की ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत प्रशिक्षण. मुलींच्या जागा फार थोड्या असतात, हेही ध्यानात ठेव. एनसीसीने दार जवळ येतं, आपोआप उघडत नाही.

बारावीनंतर लगेच जायचं असेल तर आता खडकवासल्याची एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर मुलींना परीक्षा देता आली, 2022 मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि मे 2025 मध्ये सतरा मुली तिथून पास आउट झाल्या. स्त्री अधिकाऱ्यांना स्थायी कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांपुरती नव्हे तर निवृत्तीपर्यंतची सेवा, देण्याचा निकाल फेब्रुवारी 2020 चा. माझ्या आईने हे सगळं टीव्हीवर बघितलं. काही बोलली नाही. उठून पाणी प्यायली आणि परत येऊन बसली.

मला सैन्यात जायचंच नाही. तरी येऊ?

ये. आमच्या बहुतेक मुली शिक्षिका, नर्स, बँकेत, पोलिसांत, दुकानात, घरी आहेत. डोंगरांची आवड असेल तर गिर्यारोहणाचे कोर्स आहेत. 2016 मध्ये एनसीसीच्या मुलींच्या तुकडीने एव्हरेस्ट सर केलं. दिल्लीचा आरडीसी, म्हणजे प्रजासत्ताक दिनाचा कॅम्प जानेवारीभर चालतो. तिथे पोहोचलेल्या मुलीला देशभरातल्या मैत्रिणी मिळतात आणि त्या आयुष्यभर टिकतात.

अभ्यासाचं नुकसान होईल का?

कॅम्पच्या दहा दिवसांच्या नोट्स बुडतात. त्या मैत्रिणीकडून घ्याव्या लागतात. एरवी आठवड्यातले दोन-चार तास. परीक्षेच्या महिन्यात मी परेड ठेवत नाही. पहाटे उठायची सवय लागते, आणि तिचा अभ्यासाला झालाच तर फायदाच होतो.

खर्च किती येतो?

फी नाही. गणवेशाची सोय सरकारकडून होते. कॅम्पचं जेवण-राहणं सरकारी. बूट पॉलिश, ब्रश, जाळी-पिना, पांढरे मोजे, कॅम्पसाठी कुलपाची पेटी, थाळी-मग हे आपलं. पेटी सिनिअरकडून मागून घे. आमच्याकडे एक हिरवी पेटी आहे, तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आजवर नेलेल्या नऊ मुलींची नावं खिळ्याने कोरलेली आहेत.

आम्ही गोव्यात राहतो / आमच्या कॉलेजात एनसीसीच नाही. काय करावं?

गोवा कर्नाटक-गोवा संचालनालयाखाली येतं, महाराष्ट्राचं संचालनालय वेगळं आहे. नियम तेच. कॉलेजात युनिट नसेल तर प्राचार्यांना लेखी मागणी करा, आणि एकटीने नव्हे, वीस-पंचवीस सह्यांनिशी. 15 ऑगस्ट 2020 रोजी सीमावर्ती आणि किनारपट्टीच्या 173 जिल्ह्यांत एनसीसी वाढवायचं जाहीर झालं. नव्या एक लाख कॅडेटांपैकी एक तृतीयांश मुली असतील असं तेव्हा सांगितलं होतं. कोकणातल्या मुलींनी याचा आधार घेऊन मागणी करावी.

बाबा नको म्हणतात. मी काय सांगू?

प्रथमोपचाराचं सांगू नकोस. आईच्या वेळी तो मार्ग होता, आता त्याची गरज नाही. तुला बंदूक चालवायची असेल तर बंदूक चालवायची आहे असंच सांग. त्यांना घेऊन परेडच्या दिवशी सकाळी सातला मैदानावर ये. गेटजवळच्या चिंचेखाली बाक आहे, तिथे बसा. अर्धा तास बघू दे त्यांना. पुष्कळ बाबा काही न बोलता उठतात आणि संमतिपत्रावर सही करून देतात. जे करत नाहीत, त्यांच्याशी मी चहा पीत बोलते. तरीही नाही म्हणाले तर पुढच्या जूनपर्यंत तुझं नाव वहीत राहतं.

नोंदणीला काय आणायचं?

दोन फोटो, आधारची प्रत, मागच्या वर्षीची गुणपत्रिका, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, डॉक्टरांचा दाखला, पालकांची सही. ज्युनिअर विंगचं ए सर्टिफिकेट असेल तर तेही. पायात कॅनव्हासचे बूट घालून ये, कारण अर्ज दिल्यावर लगेच धावायला लावणार आहे. आणि सकाळी काहीतरी खाऊन ये.